स्तब्ध जोडणी का तुटते? दूरच्या संगणकावरील कामातील एका अडचणीचा विचार



सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले परतवाडा हे मेळघाटचे प्रवेशद्वार होय. अचलपूर तालुक्यातील शेतकरी, चिखलदरा आणि धारणी या तालुक्यांतील कोरकू बांधव, संत्र्याचे बागाईतदार, सागवानाचे व्यापारी आणि शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी यांचा येथे सदैव राबता असतो. एकेकाळी या सर्वांची शासकीय कामे दप्तरातील कागदांवर होत असत. आता दाखला असो, उतारा असो वा शिष्यवृत्तीचा अर्ज असो, त्याची नोंद दूरच्या शहरातील संगणकात असते. परतवाड्यातील मेजावर दिसतो तो केवळ त्या संगणकाकडे उघडणारा दरवाजा.

हा दरवाजा काम चालू असताना सहसा दगा देत नाही. काम क्षणभर थांबले की मात्र तो मिटतो, असा अनुभव कार्यालयांतून आणि सेवा केंद्रांतून पुष्कळांना येतो. डोंगरातील गावाहून एसटीने आलेला माणूस समोर बसलेला असतो. त्याच्या शिधापत्रिकेवरील नाव आणि आधारपत्रावरील नाव यांत काना-मात्रेचा फरक असतो. कर्मचारी त्याला विचारतो, कागद पुन्हा पाहतो, शेजारच्या सहकाऱ्याचा सल्ला घेतो. दहा-बारा मिनिटांनी तो कळफलकाकडे वळतो, तेव्हा पडदा गोठलेला असतो. पुन्हा प्रवेश करावा, तर जुने सत्र अद्याप चालू असल्याचे कारण दाखवून नवा प्रवेश नाकारला जातो. इकडे परतीच्या गाडीची वेळ होते.

या घटनेतील विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. कर्मचारी ज्या वेळी नागरिकाकडे खरे लक्ष देत होता, त्याच वेळी यंत्राने तो निघून गेल्याचे गृहीत धरले. माणसाच्या लेखी जे काम, ते यंत्राच्या लेखी मौन ठरले. म्हणूनच ही अडचण केवळ तंत्रज्ञाकडे सोपवून भागणार नाही. प्रशासनाने, शिक्षकांनी आणि पंचायतींच्या सभासदांनीही ती समजून घेणे अगत्याचे आहे.

दूरप्रवेशाची वाटचाल

एका संगणकासमोर बसून दुसऱ्या, दूरच्या संगणकावर काम करण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेत १९६९ साली संगणकांचे पहिले मोठे जाळे उभे राहिले, त्याच वर्षी ‘टेलनेट’ या दूरप्रवेशाच्या पद्धतीचा आराखडा मांडला गेला. या पद्धतीत परवलीचा शब्दही उघड्या रूपात प्रवास करीत असे. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर असे शब्द चोरले गेल्यानंतर तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये ‘एसएसएच’ ही गुप्तलेखनावर आधारलेली पद्धत तयार केली. आज जगभरातील सर्व्हरची देखभाल मुख्यतः याच पद्धतीने केली जाते.

भारतात १९७६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने पुढील दशकात उपग्रहाच्या साहाय्याने ‘निकनेट’ उभारून जिल्ह्याची मुख्यालये जोडली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा खुली केली. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने ‘परम’ महासंगणक घडविले, आणि असे महासंगणक दूरच्या संशोधकांना आपल्या जागेवरूनच वापरता येऊ लागले. २०१६ मध्ये धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आणण्यात आले. जिल्ह्याच्या ठिकाणी आलेली जोडणी अशा रीतीने डोंगरापर्यंत पोहोचली. आता ती टिकविण्याचा प्रश्न आहे.

वाटेवरील नाके

दोन संगणकांतील संभाषण ज्या मूलभूत नियमांनी चालते, ते १९८१ साली निश्चित झाले. त्या नियमांत मौनाला मर्यादा नव्हती. दोन्ही टोके सचेत असतील, तर त्यांनी एक तास वा एक दिवस काहीही न बोलता जोडणी कायम ठेवावी, यात कोणताही नियमभंग नव्हता. त्या काळी वाटेवरील यंत्रे टपालाच्या पिशव्या पुढे ढकलण्यापलीकडे काही करीत नसत. कोणाचे संभाषण कोणाशी चालले आहे, हे लक्षात ठेवण्याचे त्यांना कारण नव्हते.

पुढे परिस्थिती पालटली. इंटरनेटवरील पत्त्यांची मूळ संख्या सुमारे ४२९ कोटी होती. ती अपुरी पडणार हे दिसू लागताच अनेक संगणकांनी एकच पत्ता वाटून घ्यावा, अशी योजना १९९४ च्या सुमारास पुढे आली. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक भांडारातील अखेरचे पत्ते वाटून झाले. त्यानंतर सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांनीही हजारो ग्राहकांना थोड्या पत्त्यांमागे बसविण्यास प्रारंभ केला.

याचा परिणाम समजण्यासाठी वनखात्याच्या नाक्याचे उदाहरण उपयोगी पडेल. जंगलातून इमारती लाकूड घेऊन येणाऱ्या गाडीची आणि तिच्या वाहतूक परवान्याची नाक्यावर नोंद होते. समजा, एखाद्या नाक्यावरील नोंदवहीला मोजकीच पाने आहेत. ज्या गाडीची ये-जा बराच वेळ झाली नाही, तिचे नाव खोडून ती जागा दुसऱ्या गाडीला द्यावी लागेल. मग जुनी गाडी पुन्हा आली, तर पहारेकरी तिला ओळखणार नाही. कार्यालयातील राउटर, सेवा कंपनीचे पत्ता-रूपांतर यंत्र आणि सर्व्हरपुढील संरक्षक भिंत ही सर्व अशीच नोंदवही ठेवणारी नाकी आहेत. एका पत्त्यावर सुमारे ६५ हजार क्रमांकच उपलब्ध असल्याने पानांची काटकसर त्यांना भाग पडते.

दोन्ही टोकांच्या संगणकांना या खाडाखोडीची वार्ता नसते. कर्मचाऱ्याचा संगणक जोडणी आहे असे समजतो, तिकडे सर्व्हरही तसेच समजतो. मधले पान मात्र कोरे झालेले असते. जुने सत्र सर्व्हरवर रेंगाळते आणि नवा प्रवेश नाकारला जातो, याचे एक प्रमुख कारण हेच होय.

अशा नाक्यांनी किमान किती वेळ नोंद राखावी, यासंबंधी २००८ साली इंटरनेटच्या मानकांत २ तास ४ मिनिटांची मर्यादा सांगण्यात आली. या आकड्यामागे हिशेब आहे. जोडणी जिवंत आहे किंवा नाही हे तपासणारा संगणकाचा मूळचा संकेत २ तासांनी जातो. तो पोहोचेपर्यंत नोंद राहावी, एवढाच तिचा हेतू. परंतु प्रत्यक्षात अनेक यंत्रे ही मर्यादा पाळीत नाहीत. काही मोठ्या संगणन-सेवांची नाकी तर पाच-सहा मिनिटांच्या मौनानंतरच नोंद पुसतात.

निदानाची पद्धत

‘नेट गेले’ किंवा ‘सर्व्हर डाऊन आहे’ या दोन वाक्यांत आज बहुतेक तक्रारी संपतात. त्यांतून कारण कळत नाही, म्हणून उपायही सापडत नाही. निदानासाठी महागड्या साधनांची आवश्यकता नाही. घड्याळ, वही आणि थोडी चिकाटी पुरेशी आहे.

प्रथम पाहावे ते हे की, जोडणी केवळ स्तब्ध असतानाच तुटते, की काम चालू असतानाही तुटते. काम चालू असताना तुटत असेल, तर दोष तार, वायफाय, मोबाईलचा मनोरा अथवा वीजपुरवठा यांत शोधावा. कार्यालयातील सर्व मेजांवरील सत्रे एकाच क्षणी तुटली, तर वीज क्षणभर जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला असण्याचा संभव अधिक. राउटर बंद पडताच त्याची नोंदवहीही पुसली जाते. अशा ठिकाणी संगणकाला दिलेला यूपीएस राउटरलाही द्यावा, एवढ्याने बराच त्रास वाचतो.

दुसरी पायरी वेळ मोजण्याची. जोडणी तुटल्याचे जेव्हा कळते, तीच ती तुटण्याची वेळ नव्हे. यासाठी एकाच वेळी चार सत्रे उघडावीत आणि त्यांस हात न लावता सोडून द्यावे. पहिल्यात ३ मिनिटांनी, दुसऱ्यात ६, तिसऱ्यात १२ आणि चौथ्यात २४ मिनिटांनी एखादी निरुपद्रवी कळ दाबून पाहावी. पहिली दोन जिवंत आणि पुढील दोन मृत आढळली, तर मर्यादा ६ आणि १२ मिनिटांच्या दरम्यान आहे. पुन्हा ८ आणि १० मिनिटांनी तपासल्यास ती अधिक नेमकी कळते. दर वेळी आकडा तोच येत असेल, तर कोठेतरी घड्याळ लावलेले आहे हे निश्चित समजावे. आकडा बदलत राहिल्यास दोष वाटेतील अस्थिरतेचा असू शकतो.

तिसरी पायरी तुटण्याचे लक्षण पाहण्याची. ‘वेळ संपली’ अशी स्पष्ट सूचना मिळून सत्र संपले, तर ते सर्व्हरने अथवा कार्यप्रणालीने जाणूनबुजून संपविलेले असते. काहीही न सांगता पडदा गोठला आणि कळ दाबल्यानंतरच जोडणी तुटल्याचा संदेश आला, तर मधल्या नाक्यावर संशय घ्यावा. संगणकाचा पडदा काळा होऊन पुन्हा उजळल्यावर सत्र नाहीसे झालेले दिसले, तर वीज वाचविण्यासाठी आपला संगणकच झोपी गेला होता. त्या वेळी दोष बाहेर शोधणे व्यर्थ होय.

चौथी पायरी वाट बदलून पाहण्याची. तोच संगणक मोबाईलच्या जोडणीवर लावून तेच सत्र उघडावे. मर्यादा तीच राहिली, तर कारण बहुधा सर्व्हरच्या बाजूला किंवा आपल्या संगणकात आहे. मर्यादा बदलली, तर ते वाटेत आहे. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरील पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर सेवा कंपनीचे पत्ता-रूपांतर यंत्र मध्ये आहे असे ओळखावे. २०१२ साली हा पत्त्यांचा गट खास त्याच कामासाठी राखून ठेवण्यात आला.

संकेताचा उपाय

नाक्याच्या विसराळूपणावरील उपाय सोपा आहे. गाडीने अधूनमधून नाक्यावर दर्शन द्यावे, म्हणजे तिचे नाव खोडले जात नाही. संगणकाच्या भाषेत याला ‘कीप-अलाइव्ह’ म्हणतात. ठरावीक अंतराने एक लहानसा संकेत पाठवून जोडणी जागी ठेवणे, हा त्याचा अर्थ.

एसएसएचच्या प्रचलित ‘ओपन-एसएसएच’ या प्रणालीत ग्राहकाच्या बाजूस ‘सर्व्हर अलाइव्ह इंटर्व्हल’ नावाची नोंद असते. तिचे मूळ मूल्य शून्य आहे, म्हणजे सांगितल्याशिवाय हा संकेत जात नाही. ‘पुट्टी’ या विंडोजवरील लोकप्रिय साधनातही जोडणीच्या पानावर संकेतांमधील सेकंदांची संख्या भरावयाची जागा आहे आणि तेथेही मूळ मूल्य शून्यच असते. तेथे ६० ही संख्या भरल्यास दर मिनिटाला संकेत जातो. आठ तासांच्या दिवसात असे ४८० संकेत होतात. त्यांचा एकूण भार एखाद्या लहान छायाचित्राहून अधिक नसतो.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. ओपन-एसएसएच लागोपाठ तीन संकेतांना उत्तर न मिळाल्यास जोडणी मृत समजून स्वतःच बंद करते. संकेतांचे अंतर १५ सेकंदांचे ठेवल्यास अवघ्या पाऊण मिनिटाच्या खंडाने सत्र संपेल. पावसाळ्यात मेळघाटच्या बाजूस जोडणी दोन-चार मिनिटे जाऊन परत येणे नवलाचे नाही. अशा वेळी अधीरपणे लावलेला उपायच अपाय ठरतो. म्हणून अंतर ६० सेकंदांचे आणि अनुत्तरित संकेतांची मर्यादा दहापर्यंत वाढवून ठेवणे डोंगरी भागास अधिक मानवेल. नाक्याने विसरू नये इतका संकेत वारंवार असावा आणि तात्पुरता खंड सोसावा इतका धीरही असावा.

विसराळू नाका आणि जागता पहारेकरी

प्रत्येक तुटणारी जोडणी दोषामुळेच तुटते असे नाही. काही ठिकाणी सत्राला मर्यादा मुद्दाम घातलेली असते. विशेषतः संकेतस्थळावरील शासकीय कार्यप्रणालीत ठरावीक काळ काहीही न केल्यास प्रवेश आपोआप रद्द होतो. तेथे वर सांगितलेला संकेत उपयोगी पडत नाही आणि पडूही नये.

सेवा केंद्रातील मेज अनेकांच्या वावराचे असते. कर्मचारी उठून गेला आणि सत्र उघडेच राहिले, तर दुसरी कोणतीही व्यक्ती त्याच्या नावाने नोंद बदलू शकते. जमिनीच्या वा जन्माच्या नोंदीतील एका चुकीच्या अक्षरापायी कुटुंबाला वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय योजण्याची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमातही सांगितली आहे. म्हणून मर्यादा घालणारा हा पहारेकरी नागरिकाचाच रक्षक आहे, हे विसरता कामा नये. त्याला फसविण्यासाठी कळफलकावर वजन ठेवणे, माऊस आपोआप हलविणारे साधन लावणे, परवलीचा शब्द चिठ्ठीवर लिहून पडद्यास चिकटविणे किंवा डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल दिवसभर संगणकात अडकवून ठेवणे, हे सर्व प्रकार कटाक्षाने टाळले पाहिजेत.

तथापि रक्षकाची मर्यादा कामाशी सुसंगत असावी, ही अपेक्षाही रास्त आहे. ज्या अर्जाची कागदपत्रे तपासण्यास पंधरा मिनिटे लागतात, त्यासाठी दहा मिनिटांची मर्यादा सोयीची नाही. अशा वेळी ही बाब सक्षम अधिकाऱ्याकडे लेखी मांडावी. मर्यादा वाढविणे, ती संपण्यापूर्वी सूचना देणे अथवा अर्धवट भरलेला अर्ज आपोआप जतन करणे, यांपैकी योग्य तो मार्ग कार्यप्रणालीच्या चालकांनी निवडावा. तोपर्यंत कागद आधी तपासून मगच सत्र उघडणे हा साधा क्रमबदलही उपयोगी ठरतो.

काम सत्रावर टांगलेले नसावे

सर्व काळजी घेऊनही जोडणी केव्हा ना केव्हा तुटणारच. खरा प्रश्न तिच्याबरोबर कामही तुटते की काय, हा आहे. एसएसएचचे सत्र तुटले की त्यातून सुरू केलेले दीर्घ काम सामान्यतः मध्येच थांबते. रात्रभर चालणारी माहितीची प्रत काढण्याची प्रक्रिया अशा रीतीने अर्ध्यावर राहिली, तर सकाळी हाती अपुरी प्रत येते. ती अपुरी आहे हे न कळणे अधिक घातक.

यावर जुना आणि खात्रीचा उपाय आहे. १९८७ पासून वापरात असलेले ‘स्क्रीन’ किंवा २००७ पासूनचे ‘टीमक्स’ ही साधने सत्र सर्व्हरवरच राखून ठेवतात. वापरणारा गेला तरी काम चालू राहते आणि तो परत आला की जेथून सुटले तेथून पुढे सुरू होते. २०१२ साली पुढे आलेले ‘मॉश’ हे साधन तर पत्ता बदलला, संगणक झोपून उठला, तरीही जोडणी सांधून घेते. विंडोजच्या दूर-पडद्याच्या पद्धतीतही जोडणी तुटणे आणि सत्र संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्व्हरच्या व्यवस्थापकाने तशी मुभा ठेवली असल्यास पुन्हा प्रवेश केल्यावर उघडे कार्यक्रम जसेच्या तसे मिळतात.

सर्वांची जबाबदारी

अधिकाऱ्यांनी प्रत्येक कार्यालयात जोडणीच्या व्यत्ययाची एक नोंदवही ठेवावी. तारीख, काम थांबल्याची वेळ, तुटण्याचे लक्षण, इतर मेजांची स्थिती आणि वीज गेली होती किंवा नाही, एवढे पाच रकाने पुरेत. ‘जोडणी चालत नाही’ या तक्रारीला उत्तर म्हणून राउटर बंद करून सुरू करण्याचा सल्ला मिळतो. ‘दहा मिनिटे स्तब्ध राहिल्यावर जोडणी तुटते, पाच वेळा तपासले, मोबाईलवरून तुटत नाही’ अशी तक्रार आली, तर ती टाळणे सेवा कंपनीस कठीण जाते.

शिक्षकांनी चार सत्रांचा वर सांगितलेला प्रयोग औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील आणि महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावा. निरीक्षण, मापन आणि अनुमान या वैज्ञानिक रीतीचा असा स्वस्त पाठ दुसरा क्वचितच मिळेल. पंचायतींच्या सभासदांनी यंत्र खरेदीचा ठराव करतानाच राउटरला यूपीएस आहे काय आणि दुरुस्तीची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न विचारावेत. पत्त्यांचा नवा विशाल संच वापरात येत असल्याने पत्ते वाटून घेण्याची गरज हळूहळू कमी होईल. परंतु संरक्षक भिंतींच्या नोंदवह्या तरीही राहतील आणि मौनाचा अर्थ लावण्याचा प्रश्नही राहील.

यंत्राला मौनामागील माणूस दिसत नाही. कर्मचारी समोरच्या वृद्धेचे म्हणणे ऐकून घेत आहे की खुर्ची सोडून गेला आहे, हे नाक्याला कळण्याचा मार्ग नाही. ते जाणून यंत्रणेची मांडणी करणे हे माणसाचे काम आहे. तशी मांडणी झाली, तर परतवाड्याच्या मेजावरील कर्मचाऱ्याला घड्याळाच्या धाकाने नागरिकाचे बोलणे अर्ध्यावर तोडावे लागणार नाही, आणि डोंगरातून आलेला माणूस आपला दाखला घेऊन वेळेवर गाडीत बसेल.